अक्काच्या काखेतला त्रिकोण

निजामाच्या राज्यात आमची औरंगाबादची मुलींची शाळा उर्दूतून चालायची. त्रिकोणाला मुसल्लस म्हणायचं. तीन बाजू ठरल्या की मुसल्लस ठरला, हे उस्तानीबाईंनी शिकवलं त्या दिवसापासून मी घरात दिसेल त्याच्या बाजू मोजत सुटले. शेंबूड पुसायची अक्कल नव्हती, पण भूमिती येत होती.

त्यात थोरली अक्का पहिल्यांदा सासरी निघाली. उद्याच तिला न्यायला बैलांची दमणी येणार, आणि शहागंजातून आणलेल्या रेशमी खणाची चोळी अजून आत्याच्या मांडीवर. काखेत घालायचा त्रिकोणी तुकडा तेवढा कापायचा राहिला होता. खण एकच. चुकलं तर अक्का सासरी जुनी चोळी घालून उतरणार.

"नजरेनं कापते मी," आत्या म्हणाली.

"नजरेनं? मुसल्लस असा व्हत नसतो, आत्या!"

"व्हय का मास्तरीणबाई? मग मोजा."

मी अक्काच्या काखेत बोटांनी पाया मोजला. नऊ बोटं. तेवढ्यात गुदगुल्या होऊन अक्का लोळायला लागली, म्हणून बाकीच्या दोन बाजू आत्यानं तिला दाबून धरून मोजल्या. चार-चार बोटं. माझी बोटं गवारीच्या शेंगा, आत्याची राजेळी केळी. हे माझ्यासारख्या विदुषीच्या लक्षात आलं नाही.

जमिनीवर कोळशानं, माझ्या बोटांनी मोजून, नऊ बोटांची रेघ ओढली. दोन्ही टोकांवरून चार-चार बोटांच्या दोऱ्या फिरवल्या. त्या भांडलेल्या जावांसारख्या एकमेकींना भेटेचनात. दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या असाव्या लागतात, हे मला घडाघडा पाठ होतं. तरी मी काय म्हणाले?

"अक्काची काखच चुकीची हाय."

मग पायाच सात बोटांचा केला, दोऱ्या कशाबशा भेटल्या, आणि आत्या "अगं, लई चपटा दिसतोय" म्हणेपर्यंत मी कात्री चालवली.

शिवण घट्ट बसली. चोळीही घट्ट बसली. अक्का गेली.

पंचमीला माहेरी आली ती तीच चोळी घालून. आत्यानं भीत भीत विचारलं, "सासू काय म्हणती गं?"

"लई कौतुक करती. म्हणती, सून गरीब हाय, खांद्याच्या वर हात म्हणून नेत नाय!"

मी फिसकन हसले. अक्कानं पहिल्यांदाच हात खांद्याच्या वर नेला. काखेत टर्रकन आवाज झाला आणि दुसऱ्याच क्षणी धपाटा माझ्या पाठीत, सगळ्यात जवळच्या वाटेनं, सरळ रेषेत.