मी बाळाचा श्वास मोजला!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी डॉक्टर झाले त्या वर्षीचा माझा पराक्रम सांगतेय. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात मी इंटर्न होते.

इचलकरंजीच्या एका बाईला आठव्या महिन्यातच मुलगा झाला. एवढुस्सा! दहा दिवस काचेच्या पेटीत. आई रोज विचारायची, "माझ्याजवळ कधी देणार?" आमचे सर म्हणाले, "श्वासाचा आलेख नीट आला की लगेच."

त्यासाठी सरांनी खटपट करून एक यंत्र जमवलं होतं. बाळाच्या पोटाला हवेचा रबरी पट्टा बांधायचा. पोट हललं की नळीतून हवा ढकलली जायची आणि कागदावर पेन वरखाली नाचायचं. "बाळ पाळण्यात झोपलेलं हवं," एवढं बजावून सर वॉर्डात गेले.

पण पाळण्यात ठेवलं की पोरगं किंचाळायचं! मग काय, मी त्याला सरळ पोटाशी घट्ट धरलं. गपगार झोपलं. मला कोण अभिमान!

पेन सुरू केलं. मोजते तर मिनिटाला अठरा! अहो, एवढ्याशा जिवाचे चाळीसच्या आसपास हवेत! भीतीनं माझाच श्वास अडकला, तर पेनही थांबलं. सरळ रेघ!

"सिस्टर! बाळाचा श्वास थांबला!"

सिस्टर ऑक्सिजनची नळी घेऊन धावल्या. तोवर मला धाप लागलेली, आणि पेन तर उधळलेलंच.

"आता फार वाढला! सरांना बोलवा!"

बाळाची आजी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "ओ डाक्टरीणबाई, पोरगं निवांत झोपलंय की! धाप तुमास्नी लागलीया!"

"आजी, तुम्हाला कळत नाही, यंत्र सांगतंय!"

असं मी म्हणाले. मी!

सर धावत आले. बाळाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डॉक्टर, श्वास धरा."

धरला. पेन थांबलं.

"सोडा."

पेन टुणकन उडालं!

पट्टा आमच्या दोघांच्या पोटांमध्ये दाबला गेला होता हो! माझ्या पोटापुढं त्या चिमुकल्या पोटाचं काय चालणार? एवढा वेळ मी माझाच श्वास मोजत होते.

सरांनी बाळाला पाळण्यात ठेवलं, आजीनं थोपटून थोपटून झोपवलं. पेननं बारीक, भराभर लाटा काढल्या. बेचाळीस! "उत्तम," सर म्हणाले. त्याच दुपारी बाळ आईच्या कुशीत गेलं. ती रडली, आणि खोटं कशाला बोलू, मीही रडले.

घरी जायच्या दिवशी आजीनं माझ्या हातात एक बाटली ठेवली.

"आजी, हे बाळासाठी?"

"त्याला कशाला? त्याचं झ्याक चाललंय. अडुळशाचा काढा हाय, तुमच्या दम्याला. दोन येळा घ्या. एवढ्या तरण्या वयात असं बरं न्हवं!"