वहिनीची गिटार आणि व्हॉल्व्हचा अँप

माझी वहिनी अमरावतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि आमच्या गायन पार्टीत गिटार वाजवते. पार्टी घरचीच. आत्या गाते, भाऊ ढोलकीवर असतो आणि मी कीबोर्डवर. विहारांचे, जयंत्यांचे कार्यक्रम आम्ही बरीच वर्षं करतो आहोत. वहिनी अकोल्याची. लग्नाच्या सामानात तिची गिटार आली होती; गिटारचा आवाज मोठा करणारा अँप तिनं नंतर नागपूरच्या एका मोडलेल्या बँडकडून आणला. तो इतका जड होता की जिन्यावरून चढवताना मी आणि भाऊ दोनदा टेकलो. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. ते तापून केशरी होईपर्यंत थांबायचं, मग वाजवायचं.

मी तिला म्हटलं, "वहिनी, एवढं धूड कावून आणलं? आवाज तं आपल्या जुन्या स्पीकरच्या डब्यातूनबी निंगते."

"निंगते ना, भाऊजी. पण एकच निंगते," ती म्हणाली.

मग एका रविवारी तिनं मला समोर बसवून दाखवलं. अँपचा आवाज ती अशा ठिकाणी आणून ठेवायची की तार हळू छेडली तर स्वच्छ वाजावी आणि जोरात छेडली तर आवाज किंचित फाटावा. तो काठ सापडला की तिचं अर्धं काम झालेलं असायचं. पायाशी आवाज फाडणारी, पायानं दाबायची दोन ओव्हरड्राइव्ह पेडल, एक हिरवं आणि एक पिवळं. पेडलचा स्वतःचा खरखराट ती अगदी कमी ठेवायची आणि त्याचा जोर वाढवायची, म्हणजे पेडल व्हॉल्व्हला मागून ढकलतं आणि आवाज फाटतो तो व्हॉल्व्हमध्येच. हिरव्यानं आवाज नाकात बोलल्यासारखा टोकदार व्हायचा. पिवळ्यानं तोच आवाज भरदार व्हायचा. दोन्ही एकदम दाबली की एक सूर श्वास संपेपर्यंत टिकायचा. मी तोवर समजत होतो की वेगळा आवाज पाहिजे तर वेगळं बटण लागतं. माझ्या कीबोर्डवर शेकडो आवाज होते आणि त्यातले पाच-सहाच मी वाजवत होतो.

भातकुलीकडच्या एका गावात नव्या विहाराचा कार्यक्रम होता. दुपारची वेळ, मांडव भरलेला. जाताना अँप मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून ठेवला होता आणि भाऊ त्याला धरून बसला होता. कीबोर्ड मात्र टपावर. रस्त्यात गाडी एका खड्ड्यात आदळली. तिथं पोचून मी कीबोर्डचं बटण दाबलं, तर तो चालूच होईना. वायर बदलली, प्लग बदलला, काही नाही. आमच्या गाण्यांमधली सनई, बासरी, सगळे मधले तुकडे त्याच्यावरच होते. आत्या म्हणाली, नुसत्या ढोलकी-गिटारवर गाऊ. पण तिचा चेहरा उतरला होता.

वहिनी अँप तापायची वाट पाहत बसली होती. ती म्हणाली, "भाऊजी, तुमी माह्याजवळ बसा. कुठं काय वाजते ते गुणगुणत राहा. बाकी मी पायते."

मी तिच्या कानाशी तुकडे गुणगुणत राहिलो. पहिल्याच गाण्यात सनईची जागा आली आणि तिनं हिरवं पेडल दाबलं. सूर असा चिरत गेला की समोरच्या बायका माना वर करून सनईवाला शोधू लागल्या. बासरीच्या जागी तिनं पेडल सोडलं, गिटारवरचं टोनचं बटण फिरवून आवाजाची धार घालवली आणि नखाऐवजी अंगठ्यानं तार छेडली. ती बासरी नव्हती, पण गाण्याला जे हवं होतं ते त्यात होतं. कोरसला दोन्ही पेडल एकदम. माझं गुणगुणणं एक-दोनदा चुकलं, तेव्हा तिनं माझ्याकडे न पाहता बरोबर जागा पकडली.

मग आईवरचं गाणं आलं. आत्या आता सत्तरीला टेकली आहे. आयुष्यभर नर्सची नोकरी करून आवाज थकलेला, वरच्या सुराला विरतो. एरवी मी तिथं कीबोर्डचा भरणा करायचो, म्हणजे विरलेलं कळू नये. वहिनीनं पिवळं पेडल चालूच ठेवलं आणि करंगळीनं गिटारचा व्हॉल्यूम खाली ओढला. अँपमधलं फाटणं विरघळलं, खाली नुसती ऊब उरली. आत्याचा आवाज त्यावर एकटा उभा राहिला, कापरा आणि स्पष्ट. कडवं संपलं तशी करंगळी वर गेली आणि गिटार भरून आली. आत्यानं पुन्हा तोंड उघडलं की परत खाली. मांडवात कोणी हालत नव्हतं. ढोलकीवरचा भावाचा हात आपोआप हलका झाला होता.

परतीच्या वाटेवर गाडीत आत्या वहिनीला म्हणाली, "सूनबाई, आज माहा आवाज मले ऐकू आला."

वहिनीनं आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

कीबोर्ड आठवड्याभरात दुरुस्त झाला. पुढचा कार्यक्रम परतवाड्याला होता. आईवरचं गाणं येताच मी स्वतःहून हात मांडीवर घेतले. आत्यानं ते पाहिलं, मान हलवली आणि सूर लावला.