पाच बटणं

कुणालाच कधी न सांगितलेली गोष्ट आहे. धाकट्या भावाला, विनूला, मी संस्थेत ठेवलं ते त्याच्या भल्यासाठी नव्हे. रोज सकाळी त्याच्यासाठी थांबायचा मला कंटाळा आला होता.

विनू जन्मापासून गतिमंद. आईने दोन वर्षं खपून त्याला शर्टाची बटणं लावायला शिकवलं. पाच बटणांना वीस मिनिटं लागायची, पण शेवटचं लागलं की पोटावर थाप मारून म्हणायचा, "झालो साहेब!"

परवा भेटायला गेलो, तर सगळे एकसारख्या निळ्या टी-शर्टात रांगेत बसवलेले. मागे भिंतीवर उत्तम सेवेचं प्रमाणपत्र. तिथल्या मावशी कौतुकाने म्हणाल्या, "बटणांचा व्यापच नको, भाऊ. डोक्यातून घातला की पोरगं तयार!"

पोरगं बेचाळीस वर्षांचं आहे.

काय ती व्यवस्था! फरशी पुसलेली, माणसंही पुसून ठेवलेली. आपल्याकडे सांभाळणं म्हणजे माणसाला लवकर उरकणं, आणि जो लवकर उरकतो त्याला प्रमाणपत्र.

विनू माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण चाचपत राहिला. बोटं काजापाशी जाऊन अडली. "दादा, तूच लाव," म्हणाला.

मावशींवर थुंकावंसं वाटलं, पण त्या तरी नवीन काय करत होत्या? आई गेल्यावर ऑफिसला उशीर होतो म्हणून त्याचे हात बाजूला सारून बटणं मीच लावू लागलो होतो.

विनूची रोजची वीस मिनिटं मी अजून देणं लागतो.