चिन्नोरची थैली

दुकानात चिन्नोर तांदळाचं पोतं उघडलं, की त्या वासासरशी मला पुण्यातली एक खानावळ आठवते आणि डोकं तापतं. तेव्हा मी नोकरी शोधत होतो आणि आमच्याच भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावच्या एका मित्राबरोबर खोलीत राहत होतो. ज्याला फुकट किंवा स्वस्त जेवण सापडेल, त्यानं दुसऱ्यालाही न्यायचं, असं आमचं ठरलं होतं. गुरुद्वारातला लंगर आणि विहारातलं भोजनदान मीच हुडकलं आणि प्रत्येक वेळी त्याला सोबत नेलं. धान निघाल्यावर तो गावी गेला, तेव्हा माझ्या आईनं जुन्या लुगड्याची थैली शिवून त्याच्याजवळ माझ्यासाठी नवा चिन्नोर दिला. परत येऊन तो रडवेला होऊन म्हणाला, "थैली गाडीतच चोरीले गेली गा." मीच त्याची समजूत काढली. पुढच्या रविवारी एका खानावळीत घासाघीस करून मी पोळ्यांऐवजी जास्तीचा भात मागितला. ताट समोर आलं आणि घरचा वास आला. मान वर केली, तर खुंटीला आईच्या लुगड्याची थैली. "भंडाऱ्याचाच एक जण देऊन गेला," थैलीचं विचारल्यावर खानावळीच्या मावशी म्हणाल्या, "त्या बदल्यात महिनाभर इथं जेवतोय." खोलीवर जाऊन मी त्याची कॉलर धरली. "काहून बे, चोरीले गेली होती ना?" तो म्हणाला, "तुले तं कोठंही भांडून खायले भेटते. मले कोण देते?" आता तुमसरात माझं तांदळाचं दुकान आहे. तो दर हंगामात येतो आणि विचारतो, "भाऊ, चिन्नोर आहे का गा?" माझ्यामागं पोत्यांची थप्पी असते, दुकानभर वास असतो, आणि मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगतो, "चोरीले गेला."