झाकणावरची सही

कुणाच्याही हातात वस्तू देण्याआधी थोय त्या हाताकडे नीट बघून घेई. सूतगिरणीच्या फाटकावर एकतीस वर्षं त्याने घरी जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासल्या होत्या. डबा उघडायचा, उरलेल्या भातात चमचा फिरवायचा, मग मानेनेच जा म्हणायचं. त्याची बायको सुओंग त्याच गिरणीत होती. तिचीही पिशवी तो तपासायचा, लग्नाआधी आणि लग्नानंतरही. "घरी गेल्यावर पुन्हा बघशील का एवढ्यातच भागेल?" असं ती मोठ्याने विचारायची आणि सगळी रांग हसायची. तो हसत नसे. तिच्या डब्यात कधी काही सापडलं नाही, पण म्हणून त्याने तपासणं सोडलं नव्हतं.

सुओंग व्होंग को, म्हणजे दक्षिणेकडची संथ विरहगाणी, गायची. कालव्याकाठच्या बैठकांत, वादकांच्या मागे मागे नव्हे, त्यांना ओढत नेत. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तिची एक्केचाळीस गाणी भाच्याने जुन्या कॅसेटींवरून एका खिशात मावणाऱ्या प्लेयरमध्ये भरून दिली होती. कॅसेटी पुरात गेल्या. गेले आठ दिवस प्लेयरच्या आतून पालीसारखी टकटक यायची आणि गाणं मध्येच थांबायचं.

सायगोनच्या दुरुस्तीच्या बाजारात क्वेनचा गाळा जेमतेम दोन माणसं बसतील एवढा. तिने बर्फाचा चहा पुढे केला. थोयने ग्लासला हात लावला नाही.

"आतली डिस्क मरायला टेकलीय, सातवेकाका," कान लावून ती म्हणाली; भावंडांतला सातवा म्हणून त्याला सगळे अशीच हाक मारत. "बदलावी लागेल."

"बदलायचं म्हटलं की तुम्हां लोकांच्या डोळ्यांत चमक येते."

"माझ्या डोळ्यांत झोप आहे, काका." तिने प्लेयर उघडला, काड्यापेटीएवढी डिस्क अलगद बाहेर काढली आणि तारेने संगणकाला जोडली. पडद्यावर गाण्यांच्या नावांची यादी आली. तारेच्या जोडावरचा छोटा दिवा लुकलुकू लागला.

थोय दिव्याकडे बघत राहिला. एक मिनिट, दोन, पाच. "हा का मिचकावतोय?"

"जीव आहे का बघतेय."

"एवढा वेळ? काढ. आधी सही."

यात तिला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. सायगोनमध्ये वस्तू दुरुस्तीला टाकताना प्रत्येक सुट्या भागावर गिऱ्हाईक आपली सही करतं, म्हणजे चांगला भाग काढून कुणी मेलेला बसवू नये. क्वेनने तार काढली आणि जाड, मऊ टोकाचं पेन पुढे केलं.

"हे नको. हे स्पिरिटने पुसतं," थोय म्हणाला. त्याने खिशातून स्वतःचं बॉलपेन काढलं.

"मग हळू करा. झाकणाचा पत्रा पातळ आहे. आत चकती अगदी चिकटून असते."

हळू म्हणजे पुसट, आणि पुसट म्हणजे उद्या नाही म्हणायला मोकळं. थोयने डिस्क टेबलावर धरली आणि फाटकावरच्या नोंदवहीत करायचा तशी सही केली, दाबून, पूर्ण नाव, खाली रेघ. पत्र्यात घळी उमटल्या. त्याला बरं वाटलं.

क्वेनने डिस्क पुन्हा जोडली. एक खरखर झाली, नखाने पाटी ओरबाडावी तशी. मग काहीच नाही. पडदा रिकामा. तिने तार बदलली, दुसऱ्या संगणकाला जोडून बघितली. तरी काहीच नाही.

"काय केलंस?"

तिने डिस्क उजेडात तिरपी धरून त्याच्यासमोर नेली. रेघेच्या टोकाशी पत्रा आत दबला होता. सही त्याचीच होती. त्याने ती ओळखली, आणि प्रथमच त्याला संशय घ्यायला समोर कुणी उरलं नाही. एक्केचाळीस.

मग क्वेनने आपल्या संगणकात काहीतरी उघडलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर नऊ नावं होती.

"ही कुठून आली?"

"मघाशी दिवा मिचकावत होता तेव्हा."

"मला न विचारता?"

"न विचारता. टकटक ऐकली की मी आधी उतरवून घेते. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात."

"नकोच म्हणालो असतो."

"मग?"

थोयला राग आला. चोरी ती चोरीच. पण तिने एका नावावर बोट ठेवलं आणि सुओंगने गाण्याआधी घसा खाकरला, नेहमीसारखा. म्हाताऱ्याने टेबलाची कड धरली.

"नऊच?" त्याने विचारलं.

"नऊच. तुम्ही अजून थोडं थांबला असतात तर जास्त झाली असती."

तिने प्लेयरमध्ये नवी डिस्क बसवली, नऊ गाणी भरली, झाकण लावलं. थोयने स्क्रू मोजले नाहीत. सही केलेली डिस्क रुमालात बांधून त्याने खिशात घातली आणि उठला, पण गाळ्याबाहेर गेला नाही.

"तुझ्याकडची पुसणार आहेस?"

"तुम्ही सांगाल तसं, काका."

तो उभाच राहिला. दुसऱ्याच्या पिशवीत राहिलेली वस्तू म्हणजे गेलेली वस्तू, असं तो आयुष्यभर मानत आला होता. आज एका पिशवीचा भरवसा त्याला वाटत नव्हता, आणि ती पिशवी त्याची स्वतःची होती.

"राहू दे," तो म्हणाला. "पण कुणाला ऐकवायची नाहीत."

"माझी आई ऐकेल एखादं. तिला फार आवडतं हे."

थोयने तिच्या हातांकडे बघितलं.

"सहावं नको ऐकवूस," तो म्हणाला. "त्यात ती दमलेली आहे."