चारी बाजूंनी जमीन

निजामाच्या राजवटीत कुंभार पिंपळगावच्या बाजारात अंबाडीचे दोर विकणारा एक म्हातारा बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. तरुणपणी तो जहाजावर खलाशी होता. बोलताना मांडीवर दोर वळत राहायचा.

एकदा म्हणाला, “फिलिपाइन्सच्या एका बेटात वरीसभर राह्यलो.”

आमच्याकडं बेट म्हणजे बांबूचं. शेजारची भाजीवाली दचकली, “अगं बया, साप न्हाई चावला?”

तो पोट धरून हसला. “बेट म्हंजे चारी बाजूंनी पाणी, बाई! नारळ, मासे, गोऱ्यांनी बांधलेलं जुनं चर्च. मी सांगितलं, माझ्या गावाला चारी बाजूंनी जमीनच हाये. तर तिथले लोक कीव करून म्हणले, मंग तुम्ही बाहेर निघता कुठून?”

भाजीवालीनं चहूकडच्या काळ्या रानाकडं पाहिलं. “बराबर हाये त्यांचं. मी अजून कुठं निघाले?”