कोलेस्टेरॉलची गिऱ्हाइकं

शिरूरला मार्केट यार्डाच्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे. दुपारी जेवताना मी आणि नवरा सकाळचे किस्से एकमेकांना ऐकवतो आणि हमखास कुणाला तरी ठसका लागतो. डॉक्टरांसमोर माणसं सगळ्याला "व्हय साहेब" म्हणतात आणि खरं काय ते माझ्या काउंटरवर येऊन बोलतात. बीपी-शुगरवाले आता सरावलेत हो. खरी मजा कोलेस्टेरॉलवाल्यांची!

तळेगाव ढमढेऱ्याच्या बापूंचा दुधाचा धंदा. आयुष्यातला पहिला रिपोर्ट घेऊन आले. मी म्हटलं, "बापू, रक्तात फॅट जास्त आहे."

बापू भडकलेच. "सकाळी डेअरीवाला म्हणला फॅट कमी हाय, दूध परत न्या! हितं रिपोर्ट म्हणतोय फॅट जास्त हाय! आवो, मग गाईच्या जागी मलाच घाला की डेअरीला!"

मी समजावलं, "कोलेस्टेरॉल दोन प्रकारचं असतं, बापू. तुमच्यात चांगलं कमी पडलंय आणि वाईट वाढलंय."

बापू एकदम शांत झाले. "म्हंजी आमच्या सोसायटीची कमिटीच की!"

कांद्याच्या आडतीवरचे आप्पा. महिन्याच्या गोळ्या नेल्या, त्या पार तीन महिन्यांनी संपवून आले.

"आप्पा, एवढ्या पुरल्या कशा?"

"मटणाच्या दिवशीच घेतो ना मी."

"अहो, ही गोळी रोज घ्यायची असते!"

आप्पांचा चेहरा खुलला. "रोज? मग ताई, तेवढं घरी फोन करून तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर आमची मंडळी रोज मटण करायची न्हाई!"

एका मामींच्या मालकांना पुण्यात स्टेंट बसवला. मामी पथ्याच्या एकदम कडक. मला अभिमानानं सांगत होत्या, "डॉक्टर म्हणले तेल बंद. तवापासून घरात तेलाचा थेंब न्हाई!"

"वा मामी! मग स्वयंपाक?"

"समदं साजूक तुपात!"

आता इनामगावचे दोघे भाऊ. नाना थोरले, तात्या धाकटे. बांधावरून कोर्टात केस, त्यामुळे कित्येक वर्षं बोलणं बंद. योगायोगानं दोघांनाही हृदयाचं दुखणं. तिथंही चुरस! तात्या मला म्हणाले होते, "थोरल्याला दोन ब्लॉक निघाले. मला तीन!"

एकदा तात्या गोळ्या घेत होते आणि नाना आले. शेजारी उभे राहून मला म्हणतात, "ताई, यांना जरा सरकायला सांगा."

तात्या मलाच म्हणाले, "सरकवायची सवय कुणाला हाय, ते त्यांनाच इचारा."

मी हसू दाबतेय तोवर नाना पायरीवर मटकन बसले. घामानं डबडबले, डोळे मिटलेले, हात छातीवर. मी नवऱ्याला गाडी काढायला ओरडले. तात्यांनी तोवर हातातल्या पाकिटातली जिभेखाली ठेवायची गोळी काढली आणि भावाचा जबडा धरून आत सारली.

नानांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांनी भावाशी पहिलं वाक्य बोलले, "बांध... तूच सरकावला हुतास ना?"

"त्वांड मीट आधी! गोळी भाईर पडंल!" तात्या ओरडले. ओरडताना रडत होते.

हॉस्पिटल जवळ होतं, नाना वाचले. पुढं महिनाभरानं दोघे एकाच मोटरसायकलवर दुकानात आले. तात्या चालवत होते, नाना मागं. मला इतकं बरं वाटलं!

मी म्हटलं, "नाना, मिटली म्हणायची केस."

"मिटती कशानं? आज तारीख हाय. तिकडंच निघालोय."

"दोघं एकाच गाडीवर?"

"मग काय करणार ताई?" नाना म्हणाले. "डॉक्टरनी मला गाडी चालवायला मनाई केलीय!"